माया

आई माप सांगायची, मी वहीत लिहायची.
पर्वती दर्शनच्या दहा बाय बाराच्या खोलीत
कुणाच्या तरी खांद्यावर टेपचं पितळी टोक,
आईच्या ओठांत टाचण्या,
आकडे दातांतून यायचे:
छाती छत्तीस. कंबर एकतीस. मुंढा साडेपंधरा.
पाठीचा गळा म्हणताना मात्र ती थांबायची,
बाईकडे नाही, बाईसोबत आलेल्या सासूकडे बघायची,
मग म्हणायची, सात लिही.
तीच बाई पुढच्या खेपेला एकटी आली
तर दहा.

गळ्याची खोली गळ्यावरून ठरत नाही
एवढं मला चौथीतच कळलं होतं.

तेराव्या वर्षी, सहामाही संपली त्या दुपारी,
उभी राहा जरा, म्हणाली. कडी घातली.
टेप गार होती.
आकडा तिनं मोठ्यानं म्हटला नाही,
वही माझ्या हातातून घेतली, स्वतः लिहिला
शेवटच्या पानावर, नाव न घालता.
दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुर्त्याला आतून अस्तर होतं
आणि माझ्या पाठीला तिचा आवाज:
खांदे पाड.
इतकी ताठ कशाला चालतेस,
कॅनॉलच्या कठड्यावर पोरं बसलेली असतात.

पाडले.
मग माझ्या प्रत्येक कपड्याला मुंढ्यापाशी चुणी पडू लागली
आणि तीच वैतागायची,
फिटिंग कसं बसणार, नीट उभी का राहत नाहीस तू?

शिवणीच्या आत, दोन्ही अंगांना,
दीड बोट कापड राखतात. त्याला माया म्हणतात.
रेडिमेडवाले माया खातात, ती म्हणायची,
आणि आजही हे ती शिवी दिल्यासारखं म्हणते.
ढमढेरे काकूंचा जांभळा ब्लाउज तिनं तीनदा उसवला:
थोरल्याच्या वेळी, धाकटीच्या वेळी,
आणि काका गेले त्या वर्षी
दोन्हीकडून आत घेतला.
पैसे फक्त पहिल्यांदा लावले.

माझ्या कपड्यांत सगळ्यांत जास्त माया.
काखेत टोचायची. भांडले मी त्यावरून,
मी काय म्हैस होणार आहे का?
टोचू दे, म्हणाली. पायाखालची मशीन थांबली नाही.

मगरपट्ट्यातल्या पहिल्या पगाराचा
बिनबाह्यांचा कुर्ता आणला, मोरपिशी.
वाटलं, आता बोलणार.
तिनं तो उलटा केला, आतली शिवण बघितली,
माया नाहीये याला, एवढंच.
सकाळी घडीवर दोन बाह्या ठेवलेल्या होत्या,
त्याच रंगाच्या, ओव्हरलॉक केलेल्या,
हे कापड तिनं रातोरात कुठून पैदा केलं देव जाणे.
पण लावल्या नव्हत्या.
मी तशीच गेले ऑफिसला. तिनं डबा दिला, भोपळ्याची भाजी.
त्या बाह्या अजून आहेत माझ्याकडे,
वीस वर्षं झाली, तीन घरं बदलली,
लावल्या नाहीत, टाकल्याही नाहीत.

आता आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत,
सुई मीच ओवते.
काल शर्वाणीचं माप घेत होते.
बारा वर्षांची. टँकवर पोहून पोहून
खांदे हे असे झालेत, दार भरून उभी राहते.
आणि माझ्या जिभेवर ते दोन शब्द आले,
आयते, आईच्याच आवाजात, तिच्याच हेलात.
बरं झालं, ओठांत टाचण्या होत्या.

आकडा मोठ्यानं म्हटला. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला.
काय? शर्वाणीनं विचारलं, पेन धरून.
टाचण्या काढून पुन्हा म्हटला.
तिनं लिहिला, शेजारी कसलासा मासा काढला.

पलंगावरून आईनं विचारलं,
माया किती धरलीस?
दीड बोट.
पोहणारी पोर आहे, म्हणाली, अडीच धर.
मी खडूची रेघ पुसली.